समाजआरतीतला टाळ

स्थानिक स्वराज्य संस्थांतील महिलांचे आरक्षण 2011 मध्ये 50 टक्क्यांवर गेले आणि त्यानंतरच्या निवडणुकीत आमच्या गावचे सरपंचपद महिलांसाठी राखीव निघाले, म्हणून मी सरपंच झाले. पुढारीपणाची माझी समज मात्र त्याआधीची, माहेरच्या स्वयंपाकघरातली होती. आमचे खटल्याचे घर आजी चालवत असे. पंगतीत कोणी भाकरी न मागता तांब्याभर पाणी पिऊन उठला, तर त्याला जेवण कमी पडले हे ती ओळखायची, आणि दुसऱ्या दिवशी पीठ वाढवायची. माणूस मागत नाही याचा अर्थ त्याला काही नको असा नव्हे, एवढे मी तिच्याकडून घेतले होते.

ग्रामपंचायतीत ही शिकवण अपुरी पडली. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतील जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असावे लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे वादाचा विषय असला की जाणती मंडळी पहिल्या सभेकडे फिरकतच नसत आणि तहकूब सभेत आपल्या माणसांनिशी हजर होत. ज्यांची तक्रार असे, ते तोवर रोजंदारीवर गेलेले असत. सभेत उठून बोलणाऱ्या बाईला ‘ताई, नंतर बघू’ असे गोडीने सांगून खाली बसवणारे लोक मी समोर बसून पाहिले आहेत.

मुदत संपल्यानंतरच्या आषाढीला मी गावच्या दिंडीबरोबर आळंदीहून निघाले. पुणे ते सासवड हा वाटेतला सर्वांत लांबचा टप्पा, त्यात ज्येष्ठ वद्य एकादशीचा उपवास आणि दिवे घाटाची चढण. घाटात माझी चाल मंदावली, तेव्हा पुढची तुळशीवाली मावशी मागे वळून म्हणाली, “माउली, रांग सोडू नका, रांगच नेती वर.” आमच्या दिंडीत वीणा घेणारे गृहस्थ गावात कोणाच्या खिजगणतीत नसलेले शेतमजूर होते. ते थकले की दुसऱ्याच्या गळ्यात वीणा देत आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडत. पदभार देण्याघेण्याचे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले आहेत, पण त्यांत एवढी अदब क्वचितच दिसली.

खरा विचार करायला लावला तो मुक्कामावरच्या समाजआरतीने. पालखी तळावर आली की दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात. शेकडो टाळ आणि मृदंग एकाच वेळी घुमत असतात. मग सोहळ्याची शिस्त राखणारा चोपदार हातातला चोप, म्हणजे मानाचा दंड, उंच करतो आणि पाहता पाहता सगळा तळ शांत होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ थांबवत नाही. हा उद्धटपणा नव्हे, ती रीतच आहे. चोपदार त्या दिंडीपाशी चालत जातो, म्हणणे ऐकून घेतो, तिथल्या तिथे तोड काढतो किंवा शब्द देतो, आणि मगच टाळ थांबतात. त्यानंतर हरवले-सापडले पुकारतात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते. तोवर सारा समाज चिखलात, पावसात, दिवसभर चाललेल्या पायांवर उभा असतो आणि कोणी कुरकुरत नाही.

तरडगावच्या तळावर आमच्याच दिंडीने टाळ चालू ठेवले. राहुट्यांच्या जागेवरून शेजारच्या दिंडीशी वाद झाला होता. चोपदार आले, दिंडीप्रमुखांचे ऐकून घेतले, शेजाऱ्यांनाही विचारले आणि आमचीच बाजू चुकीची ठरवली. तरीही आमचे टाळ लगेच थांबले. रात्री जेवताना लोक हळहळले, पण आपले कोणी ऐकलेच नाही, असे एकाच्याही तोंडून आले नाही. निकाल विरुद्ध गेल्यावरही लोक का मानतात, हे कोडे पंचायतीत मला कधी उलगडले नव्हते. आजी न मागितलेले ओळखत होती. इथे तर मागणाऱ्याचा आवाज चालू राहण्याची सोयच सोहळ्याच्या शिस्तीत बसवलेली होती. ओळखणे एका माणसाच्या गुणावर अवलंबून असते आणि तो माणूस गेला की संपते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला घालून दिलेली शिस्त मात्र त्यांच्या पश्चात आजही चालते.

वारी आणि गाव यांत फरक आहे, हे मी विसरत नाही. वारीत पाणीपट्टी वसूल करायची नसते, ठेकेदाराचे बिल काढायचे नसते, आणि तिथे आलेला प्रत्येक जण आपणहून आलेला असतो. तरीही परतल्यावर नव्या सरपंचांना मी एक गोष्ट सुचवली. विषयपत्रिकेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ अगदी शेवटी असतात आणि तोवर निम्मी माणसे उठून गेलेली असतात. म्हणून लोकांच्या तक्रारी सभेच्या सुरुवातीलाच ऐकाव्यात. त्यांनी ते मान्य केले. सभा आता लांबते, ग्रामसेवकांना इतिवृत्त लिहायला उशीर होतो, आणि गेल्या वेळी गटाराच्या एकाच तक्रारीवर तासभर गेला.