काँटेसाच्या बॉनेटवरचं नाक

सुदामा नगरमधला एक मुलगा मे महिन्यात आजोबांची काँटेसा गाडी घेऊन माझ्या गॅरेजात आला. डिकीतून फायबरचा स्कूप, म्हणजे बॉनेटवर बसवायचं हवेचं नाक, काढून माझ्या हातात दिला. "काका, कंपनीतूनच आलाय असं वाटायला हवं. जोड दिसता कामा नये."

"मग हा नाही चालायचा," मी म्हणालो. त्याचं तोंड पडलं.

काही वर्षांपूर्वी मी एका जीपवर असाच स्कूप चिकटवून वरून लांबी, म्हणजे जोड आणि खड्डे भरायची पुट्टी, ओढली होती. इंदूरचा एकच उन्हाळा खाऊन ती जीप परत आली, स्कूपभोवती केसाएवढी चीर घेऊन. उन्हात फायबर पत्र्यापेक्षा जास्त पसरतं आणि मधल्या लांबीची ओढाताण होते. तो रंग मी पदरच्या पैशाने पुन्हा मारला. फायबर लावायचं तर खाली रबराची पट्टी देऊन, बोल्टने, जोड उघडा ठेवून. जोड मिटवायचा तर पत्र्याला पत्राच हवा.

तोच स्कूप नमुन्याला ठेवून पुठ्ठ्याचे फर्मे कापले आणि पत्रा ठोकून घडवला. बॉनेट खालून कापायचं नाही, हे मी आधीच सांगितलं. त्याला इंजिनात हवा न्यायची होती. "पावसाळ्यात प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर पाणी पडून गाडी बंद पडली की मला फोन करायचा नाही," म्हटल्यावर हसून कबूल झाला.

खरा घोळ वेल्डिंगच्या दिवशी झाला. पातळ पत्र्याला एक टाका इकडे, दुसरा पार पलीकडे, मध्ये ओलं फडकं, असंच जावं लागतं. मी चहाला गेलो आणि हाताखालच्या आमच्या पोराने उत्साहात उजव्या बाजूला वीतभर सलग वेल्ड ओढला. येऊन अंगठ्याने दाबलं तर पत्रा टप् करून आत, सोडला की टप् करून बाहेर. डब्याच्या झाकणासारखा! काँटेसा बनणं 2002 सालीच थांबलं. दुसरं बॉनेट आणायचं कुठून? पोरगं कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. ओरडलो नाही. चहाला मीच गेलो होतो ना.

गॅसने रुपयाएवढा ठिपका लाल केला, खाली डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरून हलक्या हाताने ठोकला आणि लगेच ओलं फडकं दाबलं. पत्रा आक्रसला. असे चार ठिपके, मध्ये प्रत्येक वेळी पूर्ण थंड होईपर्यंत थांबायचं. संध्याकाळी दाबून पाहिलं, आवाज गेला होता.

लांबी मात्र सकाळी सातच्या आत लावली. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम हार्डनर, तरी त्या उन्हात दुपारी ती पात्यावरच दगड होते. मग प्राइमर, त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा आणि लांब ठोकळ्यावर पाणीपेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिशपेपर. जिथे काळं उरतं तिथे खड्डा. मला कुठेच काळं दिसेना. पोराने तळहाताखाली सुती फडकं घेऊन स्कूपच्या मुळाशी हात फिरवला आणि थांबला. "काका, इथे." ट्यूबलाइटची रेघ पत्र्यावर घेऊन पाहिली तर तिथेच किंचित वाकत होती.

आणखी एक हात लांबीचा, आणखी एक दिवस.

फायबरचा स्कूप मुलाने नेलाच नाही. आम्ही त्यात वापरलेले पाणीपेपर टाकतो.