भिंत पाडायच्या आधी घराचं वजन कोणाच्या खांद्यावर आहे ते पाहा

आमच्या आर्वीकडच्या गावांत सध्या रोडच्या बाजूची खोली असली की समोरची भिंत काढून शटर बसवायचं चाललंय, कोणाला किराणा टाकायचाय, कोणाला मोबाईल रिपेअरिंग. आमच्या मोठेबाबांचंही तेच ठरलं. मिस्त्री आला, भिंतीवर थाप मारून म्हणे, "कॉलमचं घर आहे ना, मंग भिंत काढली तं काही होत नाही." या एका वाक्यावर आपल्याकडे किती भिंती पडत असतील, या विचारानंच मला धडकी भरते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

जुन्या घरात ही गोष्ट डोळ्यांना दिसायची. आजोबांच्या वेळचं आमचं घर सागवानी खांबांचं, खाली दगडी तळखडा म्हणजे जमिनीची ओल अन् उधई सरळ लाकडात चढू नये, खांबाच्या डोक्यावर कुसू म्हणजे खुंटी कोरलेली, ती मयालीच्या म्हणजे आडव्या तुळईच्या भोकात अशी घट्ट बसवलेली की खिळ्याची गरजच नाही. मयालीवर आढं, मग फाटे, कमच्या अशी छपराची लाकडं, अन् वर कवेलू म्हणजे कौलं. भिंती नुसत्या मातीच्या. एका पावसाळ्यात मागची भिंत भिजून बसली तरी कवेलू जागच्या जागी, कारण छपराचं वजन खांबांतून खाली जात होतं, भिंतीचं काम फक्त आडोशाचं. अर्थात सगळीच जुनी घरं अशी नव्हती, बऱ्याच घरांत मयाल सरळ भिंतीवर टेकलेली असायची, तिथं भिंत गेली की छप्परही गेलं.

आता सिमेंटच्या घरातही नेमकं हेच पाहायचं असतं, फरक एवढाच की वरून छपाई म्हणजे प्लास्टर झालं की काही दिसत नाही. खऱ्या फ्रेमच्या घरात आधी पायव्यातून कॉलम उठतात, मग बीम, मग स्लॅब, अन् विटांची जुडाई सगळ्यात शेवटी. स्लॅब बीमवर, बीम कॉलमवर, कॉलम पायव्यातल्या फुटिंगवर, भिंत मध्ये नुसती भरलेली. पण आपल्याकडे गावात बहुतेक घरं कशी बांधतात? आधी ९ इंची भिंती उठवतात, कोपऱ्यात सळाखी उभ्या करून तेवढी जागा सोडतात, नंतर विटांच्याच आधारानं त्या जागेत काँक्रीट भरतात अन् सगळ्यावर मिळून स्लॅब टाकतात. ही पद्धत वाईट नाही, नीट केली तर भिंत अन् कॉलम एकमेकाला चांगले धरून ठेवतात. फक्त अशा घरात भिंतसुद्धा वजन उचलून असते, कॉलम दिसतो म्हणून भिंत काढायची मुभा मिळत नाही!

म्हणून मिस्त्रीला पहिला प्रश्न हाच विचारा की आधी भिंत झाली की आधी कॉलम. मग आतून वर पाहा, त्या भिंतीच्या डोक्यावर स्लॅबखाली बीम आहे का. बीम भिंतीएवढाच रुंद असला तर छपाईत लपतो, तेव्हा थोडी छपाई खरवडून पाहायची, वर विटा थेट स्लॅबला भिडल्या असतील तर भिंतीला हात लावू नका. अजून एक, खोली लांबट असली की स्लॅबच्या मुख्य सळाखी आखूड बाजूनं टाकलेल्या असतात, म्हणजे वजन जास्त करून लांब भिंतींवर येतं.

मोठेबाबांच्या घरी खरवडलं तर बीम नव्हताच. मग इंजिनिअरला बोलावलं. पद्धत अशी की आधी स्लॅबला खालून जॅक लावायचे, नवीन बीम दोन्हीकडे भक्कम आधार मिळेल असा टाकायचा किंवा लोखंडी गर्डर द्यायचा, अन् मगच खालच्या विटा काढायच्या. काँक्रीटचा बीम असेल तर ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू निदान १४ दिवस काढायचे नाहीत, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात तसं दिलंय. लोक घाई करतात कारण सेंट्रिंगचं भाडं चढत असतं, पण तेवढं भाडं भराच.

भेगांचंही सांगतो, कारण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. पायवा मुरमापर्यंत गेला नसेल तर घर तिच्यासोबत हलतं, अन् खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. अशी भेग दरवर्षी रुंद होत असेल तर ती नुसती लांबीनं (पुट्टीनं) भरून रंग मारून चालणार नाही. कॉलम अन् विटांच्या सांध्यावरची बारीक उभी भेग मात्र बहुतेक वेळा दोन मटेरियल वेगवेगळी असल्यामुळे पडते, तिथं छपाईच्या आधी जाळी मारतात. स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग पडते ती बऱ्याचदा आपल्या उन्हानं, स्लॅब तापून पसरतो म्हणून.

नवीन बांधत असाल तर काँक्रीट पडायच्या आदल्या संध्याकाळी साइटवर जाच. कॉलमच्या उभ्या सळाखींभोवती बांधलेल्या रिंगा हातानं धरून पाहा, रिंगचं टोक नुसतं काटकोनात दुमडलेलं नको, १३५ अंशात वळून कॉलमच्या आत, मधल्या काँक्रीटमध्ये शिरलेलं पाहिजे, नाहीतर जोर आला की रिंग उघडते अन् उभ्या सळाखी बाहेर वाकतात. बीमच्या जवळ रिंगा दाट पाहिजेत, नेमक्या तिथंच बांधायला त्रास होतो म्हणून कमी टाकतात. कॉलमच्या सळाखीबाहेर ४० एमएमचं कव्हर म्हणजे काँक्रीटचा थर पाहिजे, त्यासाठी ठोकळे बांधलेत का ते बघा, सळाख सेंट्रिंगच्या फळीला चिकटली असेल तर पुढं गंजून काँक्रीट फोडते. अन् फळ्या लागायच्या आधी प्रत्येक कॉलमचा, काँक्रीट पडायच्या आधी प्रत्येक बीमचा फोटो काढा, टेप लावून, कोणत्या कोपऱ्याचा ते लिहून, अन् घराच्या कागदांसोबत प्रिंट ठेवा. दहा-पंधरा वर्षांनी पोरांना वर मजला चढवायचा असला की इंजिनिअर सगळ्यात आधी हेच मागतो.