सोळा मीटरचा तुकडा

गल्लीच्या खालच्या अंगाला सात-आठ घरं. तिथे आठवडाभर गढूळ, वास मारणारं पाणी येत होतं आणि दोन मुलं जुलाबाने दवाखान्यात होती. अशा वेळी पहिला संशय फुटलेल्या लाइनवर जातो. पाणी सुरू असताना ते भोकातून बाहेर जातं. पाणी बंद केलं की रिकाम्या होत जाणाऱ्या पाइपात त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाते. रस्ता मात्र ठणठणीत कोरडा होता.

गळती शोधणं हे माझं काम, आणि ते रात्रीच करावं लागतं. वाहनं थांबलेली असतात, घरांतले नळ बंद असतात. त्या रात्री एक ते चार वाजेपर्यंत लाइन भरून ठेवायला चावीवाल्याला सांगितलं होतं. गल्लीच्या दोन टोकांना दोन व्हॉल्व्ह, मधलं अंतर ९६ मीटर. दोन्ही व्हॉल्व्हवर चुंबकाचे सेन्सर चिकटवले आणि मशीन सुरू केलं.

भोकातून दाबाने पाणी निसटतं तेव्हा तिथलं पाणी आणि पाइपची भिंत थरथरतात. ही थरथर एका थराने पुढच्याला ढकलावं तशी दोन्ही बाजूंना पळते. ज्या सेन्सरपाशी ती आधी पोचते, गळती त्याच्या जवळ. किती जवळ, हे दोन्हींतल्या वेळेच्या फरकावरून कळतं. मशीनने ३८.४ मिलीसेकंदांचा फरक दाखवला. नकाशात सगळी लाइन बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची होती, म्हणून वेग सेकंदाला १,२५० मीटर दिला. उत्तर आलं: वरच्या व्हॉल्व्हपासून २४ मीटर.

तिथे काँक्रीट फोडलं, साडेतीन फूट खणलं. पाइप उघडा पडला. माती कोरडी, पाइपवर ओलीचा डागही नाही. पहाटेचे अडीच वाजले होते. ज्यांची मुलं आजारी होती ते दोघं बाप खड्ड्याच्या कडेला उभे होते, एक शब्दही बोलत नव्हते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आमचे जुने फिटर तात्या खड्ड्यात उतरले. त्यांच्याकडे पाच फुटी पोलादी सळई असते, वरच्या टोकाला लाकडी वाटी. टोक पाइपवर टेकवलं आणि वाटी कानाला लावून डोळे मिटले.

"पाइप बोलतोय साहेब. पण इथलं नाही हे, लांबून येतंय."

मीही ऐकलं. जड, दबका घरघराट होता. भोकाजवळ आवाज बारीक आणि धारदार असतो, कुकरची शिट्टी पडायच्या आधीच्या फुसफुशीसारखा. त्यातला बारीकपणा वाटेत लवकर विरतो, लांबवर फक्त जाड सूर पोचतो.

मग तात्या घरोघरच्या जुन्या लोखंडी कनेक्शनला सळई लावत खाली निघाले, मी टेप घेऊन मागे. वरच्या व्हॉल्व्हपासून चाळीस मीटरच्या आसपास तो बारीक सूर कानात टोचायला लागला. पुढे पन्नास, पंचावन्न मीटरपर्यंत तो थोडाथोडा बोथट होत गेला. साठच्या पुढच्या घराला सळई लावली आणि आवाज एकदम गायब. एवढा अचानक विरायला पाइपातच काहीतरी बदललेलं असणार.

तात्यांनी टॉर्च खाली मारला. काँक्रीटवर वेगळ्या रंगाचा लांब पट्टा होता. समोरच्या घरातल्या आजी खिडकीतून बघत होत्या. त्यांना विचारलं.

"गटाराचं काम झालं तेव्हा पाइप तुटला होता. काळा पाइप टाकून गेले." काळा म्हणजे प्लॅस्टिकचा. तो तुकडा नकाशावर कधी चढलाच नव्हता.

पट्टा मोजला, १६ मीटर. तिथेच पायरीवर बसून हिशेब मांडला. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, मोकळ्या पाण्यात १,४८०च्या आसपास. पाइपातल्या पाण्यात तो मंदावतो, कारण प्रत्येक धक्क्याला भिंत किंचित फुगते. बीड कडक, ते थोडंच फुगतं. प्लॅस्टिक मऊ असल्याने तिथे वेग ४००पर्यंत उतरतो. म्हणजे १६ मीटरला बिडात १२.८ मिलीसेकंद लागले असते, तिथे ४० लागले. हा २७.२चा उशीर प्लॅस्टिकचा, आणि मशीनने तो अंतर म्हणून मोजला होता. खरा फरक फक्त ११.२. नवं उत्तर आलं ४१ मीटर. तात्यांच्या सळईनेही तीच जागा दाखवली होती.

(बीडाच्या पाइपांतून आवाज मोजायची कल्पना जुनीच आहे. १८०८ साली पॅरिसमध्ये ज्याँ-बातिस्त बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुमारे ९५० मीटर लांबीच्या पाण्याच्या पाइपांच्या एका टोकाला ठोका दिला आणि दुसऱ्या टोकाला दोन आवाज ऐकले. लोखंडातून आलेला आधी, पाइपातल्या हवेतून आलेला त्यानंतर अडीच सेकंदांनी. मला हा प्रयोग फार आवडतो.)

४१ मीटरवर फूटभर माती निघाली तोच खालून ओल लागली. शिशाच्या जॉइंटच्या पोटात बोटभर चीर होती. शेजारीच गटाराची भिंत, तिलाही तडा. सगळं पाणी तिकडेच उतरत होतं, म्हणून रस्त्यावर थेंबही दिसत नव्हता. पाणी बंद करून क्लॅम्प बसवायला दीड तास गेला. नंतर लाइन तासभर धुऊन काढली, क्लोरीन तपासलं, तेव्हा कुठे लोकांना पाणी भरायला सांगितलं. त्या दोन बापांपैकी एकाने सगळ्यांना चहा आणला.

निघायच्या आधी तात्यांनी खालच्या व्हॉल्व्हवर सळई टेकवली आणि वाटी माझ्याकडे दिली. घरघर बंद झाली होती. फक्त जवळच कुणीतरी नळ सोडला होता, त्याची बारीक सळसळ तेवढी येत होती. मी डायरी काढली आणि नकाशाच्या प्रतीवर लाल पेनने लिहिलं: वरच्या व्हॉल्व्हपासून ६० ते ७६ मीटर, प्लॅस्टिक.