सिव्हिलची पदवी पर्यावरणाच्या बाजूने आखताना : माझा अनुभव

स्वायत्त कॉलेजात सिव्हिलला प्रवेश घेतला की अभ्यासक्रमाची एक जाडजूड पीडीएफ हाती पडते, आणि बहुतेक जण तिच्यातलं फक्त चालू सेमिस्टरचं पान बघतात. मी ती शेवटाकडून वाचली. सातव्या-आठव्या सेमिस्टरला सांडपाण्याचं प्रगत शुद्धीकरण, हवा प्रदूषण आणि पर्यावरणीय आघात मूल्यांकन घ्यायचं हे आधी ठरवलं, आणि मग कुठला विषय कशावर उभा आहे ते शोधत पहिल्या वर्षापर्यंत खाली आले. पुढचं सगळं नियोजन या उलट्या वाचनातून निघालं.

राज्यातल्या २०२३ च्या रचनेप्रमाणे चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी १६० ते १७६ क्रेडिटांची असते. त्यात विभागाच्या इलेक्टिव्हना, म्हणजे ऐच्छिक विषयांना २०, दुसऱ्या शाखेतल्या मायनरला १४ आणि ओपन इलेक्टिव्हला ८. म्हणजे खऱ्या अर्थाने निवड करता येते ती ४२ क्रेडिटांची, साधारण पाव पदवी. इंटर्नशिपची १२ वेगळी. तिथे विषय नाही तरी जागा आपण निवडू शकतो. बाकीचं छापील येतं. त्यामुळे चर्चा या पाव भागाचीच करायची; उरलेल्याबद्दल कुरकुर करून हाती काही लागत नाही.

छापील भागात मात्र साखळ्या ओळखायला लागतात. स्ट्रक्चरची साखळी सगळ्यांना पाठ असते: मेकॅनिक्स, मग एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स), मग स्ट्रक्चरल ॲनालिसिस, मग आरसीसी आणि स्टील. पर्यावरणाची साखळी कुणी काढून दाखवत नाही, कारण ती चार वेगवेगळ्या ठिकाणांहून येते. पहिल्या वर्षाची केमिस्ट्री, दुसऱ्या वर्षाचं फ्लुइड मेकॅनिक्स, एम-थ्री म्हणजे गणिताच्या तिसऱ्या विषयातलं संख्याशास्त्र आणि तिसऱ्या वर्षाचं हायड्रॉलॉजी. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के गटारात आलं, तर सांडपाणी होतं १०८ लिटर. हा गुणाकार शाळकरी आहे. पण ते वाहून नेणाऱ्या नळाचा उतार ठरवायला उघड्या प्रवाहाचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र लागतं, आणि गाळ बसू नये म्हणून वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. फ्लुइडमध्ये ओपन चॅनेलचं प्रकरण ‘ऑप्शनला’ टाकलेला मुलगा इथे अडतो, आणि त्याला वाटतं की एन्व्हायर्नमेंट अवघड आहे. तसंच सेटलिंग टँकचं. कण पाण्यात किती वेगाने खाली बसतो हे सांगणारा स्टोक्सचा नियम नीट कळला असेल तर टाकीची खोली सोडून तिच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर एवढा भर का देतात हे वेगळं शिकावं लागत नाही.

यात अडचण अशी, की विषय वर्षातून एकदाच चालतो. फ्लुइड चौथ्या सेमिस्टरला असेल तर ते पुढच्या चौथ्या सेमिस्टरलाच परत येणार. केटी, म्हणजे नापास झालेला विषय, राहिली तर परीक्षा मध्ये देता येते, पण वर्गात बसून शिकायची संधी वर्षभर नाही. म्हणून प्रत्येक साखळीतल्या पहिल्या दोन विषयांना मी इतरांपेक्षा जास्त वेळ राखून ठेवला, भले त्यांची क्रेडिट सारखीच असोत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी तर तिसऱ्या सेमिस्टरला एकही जादा कोर्स घेऊ नये. सर्व्हेइंग आणि एस्टिमेटिंगमध्ये ते वर्गाच्या पुढे असतात, पण एम-थ्री त्यांना मधल्या पायऱ्या नसलेल्या जिन्यासारखं भेटतं.

आता क्रेडिटबद्दल. आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, पण प्रॅक्टिकलचे दोन तास मिळून एक. पाच थिअरी विषय प्रत्येकी ३ क्रेडिटांचे, चार लॅब प्रत्येकी १ ची आणि २ क्रेडिटांचं प्रोजेक्टचं काम धरलं तर बेरीज २१ येते, पण टाइमटेबलवर २७ तास भरतात. वर जर्नल, ड्रॉइंग शीट आणि सबमिशन. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षात जिओटेक, काँक्रीट आणि एन्व्हायर्नमेंटच्या लॅब एकाच सेमिस्टरला आल्या तर २१ क्रेडिटांचं सेमिस्टर २३ च्या सेमिस्टरपेक्षा जड जातं. मी आठ सेमिस्टरांचा तक्ता केला तेव्हा क्रेडिटांच्या शेजारी प्रत्यक्ष तासांचा रकाना ठेवला, आणि जादा काही घ्यायचं ते त्या रकान्याकडे बघूनच ठरवलं.

लॅबची बॅच ठरताना सहसा मित्रमंडळी बघितली जातात. एन्व्हायर्नमेंटच्या लॅबला वार बघा. आपल्याकडे बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन, आयएस ३०२५ या भारतीय मानकाच्या पद्धतीने २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून काढतात. जुन्या पुस्तकांत २० अंशांना पाच दिवस दिसतात. तीन दिवसांचा हिशेब असा, की गुरुवारी बाटली इन्क्युबेटरमध्ये गेली तर रीडिंग रविवारी, म्हणजे कुलूपबंद लॅबमध्ये. बुधवारची बॅच शनिवारी. सोमवार, मंगळवार किंवा शुक्रवार मिळाला तर रीडिंग कामाच्या दिवशी पडतं. ज्यांना वार मिळत नाही ते शेवटी दुसऱ्या बॅचचे आकडे उतरवतात, आणि ओरलला ‘डायल्युशन किती घेतलंत?’ या प्रश्नाला गप्प होतात.

तो प्रश्न, म्हणजे नमुना किती पातळ केलात, विचारतातच, म्हणून सांगते. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आसपास धरा. २७ अंशांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. ३०० मिलिच्या बाटलीत ६ मिलि नमुना घातला, म्हणजे २ टक्के, तर तीन दिवसांत ५ मिलिग्रॅम खर्च होऊन सुमारे ३ उरतात. निदान २ खर्च झाले पाहिजेत आणि निदान १ उरला पाहिजे, या दोन्ही अटी त्यात बसतात. १५ मिलि घातला तर लागणार साडेबारा आणि आहेत आठच. तिसऱ्या दिवशी बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड टाकलं की तपकिरीऐवजी पांढरा साका बसतो. ऑक्सिजन संपला, प्रयोग फुकट, पुन्हा तीन दिवस. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन-तीन वेगवेगळ्या डायल्युशनच्या बाटल्या लावायच्या. नमुना अंदाजापेक्षा कडक निघाला तरी एक तरी बाटली कामाची उरते.

इलेक्टिव्हचा क्रम छापील यादीवर सोडू नये. घनकचरा व्यवस्थापनाला फारसा पूर्वाभ्यास लागत नाही, ते लवकर घ्यावं. हवा प्रदूषणात धूर पसरण्याचं गॉसियन मॉडेल येतं. संख्याशास्त्र ताजं असेपर्यंत ते उरकलेलं बरं. प्रगत शुद्धीकरण सांडपाण्याच्या मूळ विषयानंतरच. आघात मूल्यांकन सगळ्यात शेवटी, कारण पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेखालचा अहवाल वाचायचा म्हणजे पाणी, हवा, आवाज, कचरा आणि कायदा हे सगळं एकदम लागतं. आधी घेतलं तर नुसती व्याख्यांची घोकंपट्टी होते. आणि इलेक्टिव्ह फॉर्मवर दिसतंय म्हणून ते चालेलच असं नाही. किमान संख्या भरली नाही तर विषय रद्द होतो आणि तुम्हाला उरलेल्या ठिकाणी ढकलतात. स्ट्रक्चरच्या इलेक्टिव्हला नेहमी गर्दी, पर्यावरणाला तुरळक. फॉर्म निघायच्या आधी वर्गात फिरून कोण कोण घेणार आहे ते विचारून ठेवायचं, आणि दुसऱ्या पसंतीचा विषयही साखळीत बसेल असाच लिहायचा.

मायनर दुसऱ्या शाखेचा असतो, त्यामुळे सिव्हिलवाल्याने ‘पर्यावरण’ नावाचाच मायनर शोधत बसण्यात अर्थ नाही. माझ्या मते केमिकलकडचा किंवा डेटा सायन्सचा मायनर या वाटेवर जास्त कामाला येतो. केमिकलमधून अभिक्रियेचा वेग आणि रिॲक्टर शिकायला मिळतात, आणि ॲक्टिव्हेटेड स्लजची, म्हणजे सूक्ष्मजीवांकडून सांडपाणी शुद्ध करून घेणारी टाकी शेवटी रिॲक्टरच आहे. सूक्ष्मजीवशास्त्र सिव्हिलच्या अभ्यासक्रमात जवळजवळ नसतं. ओपन इलेक्टिव्हमधली एक जागा त्याला द्यावी. २०२१ पासून गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेत एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे आणि त्यात हा भाग विचारतात. नेहमीचा सिव्हिलचा पेपर द्यायचा असेल तर त्यात पर्यावरण हा अनेक विभागांतला एक. तिथे जिओटेक आणि स्ट्रक्चर टाकून चालत नाही. गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात, पण पाचव्या सेमिस्टरअखेर मूळ विषय किती झालेत ते आपल्या तक्त्यात पाहूनच फॉर्म भरावा.

पदवीला जोडून मिळणाऱ्या ऑनर्ससाठी १८ च्या आसपास जादा क्रेडिट लागतात आणि ती बहुतेक जण एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्सांवरून जमवतात. इथे गणित चुकतं ते आठवड्यांचं. १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिटांचा, ८ चा २, ४ चा १. कॉलेजला ३ क्रेडिटांची जागा भरायची असेल तर आवडलेला ८ आठवड्यांचा कोर्स तिथे बसत नाही, आणि हे बऱ्याचदा परीक्षा पास झाल्यावर कळतं. नोंदणीआधी विभागाकडून कोर्सचं नाव, कोड आणि तो कुठल्या विषयाच्या बदल्यात धरणार हे लेखी घ्यावं. गुणांची विभागणी २५ असाइनमेंटला आणि ७५ केंद्रावरच्या परीक्षेला. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३० असे वेगवेगळे लागतात, एकाची भर दुसऱ्यात पडत नाही. १२ आठवड्यांच्या कोर्सात उत्तम ८ असाइनमेंट धरतात, म्हणजे दिवाळीत एखादी राहिली तर बिघडत नाही. पण जुलैच्या सत्राची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऐन सबमिशनच्या तोंडावर येते. एका सेमिस्टरला असा एकच कोर्स. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि सोबत आईचं नाव असतं, आधारवर क्रम वेगळा. मिळवलेली क्रेडिट जिथे जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं डिजिलॉकरमधून उघडतं, तेव्हा तिन्ही ठिकाणी नाव एकसारखं आहे ना ते पहिल्या वर्षीच बघावं. चौथ्या वर्षी दुरुस्तीला वेळ नसतो.

इंटर्नशिप सातव्याला की आठव्याला, हा प्रश्न आपल्याकडे पावसाने सोडवायचा असतो. सातवं सेमिस्टर जुलैत सुरू होतं. तेव्हा डांबरीकरण बंद, खोदकाम रखडलेलं. रस्त्याच्या साइटवर गेलेला विद्यार्थी शेडमध्ये बसून राहतो. त्याला आठवं बरं. पर्यावरणवाल्याचं मात्र उलट आहे. जलशुद्धीकरण केंद्रात खरी कसोटी पावसाळ्यातच लागते: धरणातून किंवा नदीतून येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा बघता बघता चढतो, तुरटीची मात्रा सारखी बदलावी लागते, आणि जार टेस्ट रोजची होते. सहा जारमध्ये वाढती मात्रा घालून कुठल्या जारमध्ये गाळ नीट बसतो ते बघायचं. मात्रा कमी पडली तर पाणी गढूळ राहतं. जास्त झाली तर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची क्षमता, खाल्ली जाऊन पीएच उतरतो आणि साका पुन्हा बिघडतो. उन्हाळ्यातलं स्वच्छ पाणी बघून यातलं काही समजत नाही. सातव्याला बाहेर जायचं ठरलं तर त्या सेमिस्टरची इलेक्टिव्ह ऑनलाइन आहेत की सहाव्यात ओढता येतात, याची चौकशी पाचव्यातच करावी लागते.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तयारी विषय निवडण्याच्या आधी लॅबच्या कपाटापासून सुरू करावी. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, काढायला सिल्व्हर सल्फेट आणि मर्क्युरिक सल्फेट लागतं; पहिलं महाग, दुसरं विषारी, आणि वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतता येत नाही. भरपूर नमुन्यांवर बेतलेला प्रस्ताव मंजूर होतो आणि डिसेंबरात रसायन संपतं. लॅब असिस्टंटला साठा विचारून मगच नमुन्यांची संख्या लिहावी. शुद्धीकरण केंद्रातून नमुने घ्यायला महापालिकेचं परवानगीपत्र लागतं, ते विभागप्रमुखांच्या सहीने जातं आणि उत्तर यायला वेळ लागतो. सहावं सेमिस्टर संपताना अर्ज दिला तर सातव्यात बाटल्या भरता येतात.

आणि प्रत्येक वर्षीची अभ्यासक्रमाची पीडीएफ, त्या वर्षाच्या क्रमांकासकट, स्वतःकडे उतरवून ठेवा. अभ्यासक्रम बदलला की संकेतस्थळावरून जुना गायब होतो. परदेशात एमएसला अर्ज करताना फ्लुइड, केमिस्ट्री आणि संख्याशास्त्रात नेमकं काय शिकलात हे विषयवार मागू शकतात, आणि तेव्हा परीक्षा विभागाचा शिक्का घ्यायला हीच प्रत छापून न्यावी लागते.