नाश्त्याआधीची गोळी

सकाळी साडेअकराच्या सुमारास ओपीडी ऐन भरात असताना कॅज्युअल्टीतून फोन आला. अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थांची जीभ जड झाली आहे, उजवा हात नीट उचलता येत नाही, स्ट्रोकची शंका आहे आणि सीटी स्कॅनची तयारी चालू आहे, असे निवासी डॉक्टरांनी सांगितले. मी खाली पोहोचलो तेव्हा रुग्णाचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. त्यांची मुलगी, हे तासाभरापूर्वीपर्यंत व्यवस्थित बोलत होते, असे प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगत होती. चेहरा पाहताच मी ओळखले. गेली चार वर्षे हे माझ्याकडेच मधुमेहाच्या उपचारांसाठी येत होते.

स्कॅनसाठी ट्रॉली वळवण्याच्या आतच सिस्टरने बोटाला सुई टोचली आणि ग्लुकोमीटरवर ३८ हा आकडा उमटला. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की आम्ही सावध होतो आणि ५४ च्या खालच्या आकड्याला गंभीर मानतो. इतक्या खाली मेंदूचे इंधनच तुटते आणि त्याची लक्षणे कधी कधी हुबेहूब पक्षाघातासारखी दिसतात. शिरेतून २५ टक्क्यांचे डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचे द्रावण, १०० मिलिलिटर दिल्यानंतर दहा मिनिटांच्या आत त्यांनी उजव्या हाताने चादर बाजूला केली आणि आपण कुठे आहोत, असे स्पष्ट शब्दांत विचारले. हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे, तरी दर वेळी त्याचे नवल वाटतेच. त्या दिवशी मात्र नवल फार काळ टिकले नाही, कारण पुढच्या अर्ध्या तासात मुलीने पिशवीतून त्यांची वही काढून माझ्या हाती दिली.

हे गृहस्थ निवृत्त हिशेबनीस. अडीच महिन्यांपूर्वी त्यांनी सोळा तास उपवास आणि आठ तासांत जेवण हा प्रकार सुरू केला होता आणि त्याचा हिशेब आयुष्यभराच्या सवयीने पट्टी धरून आखलेल्या रकान्यांत ठेवला होता : तारीख, वजन, पहिला घास, शेवटचा घास, शेरा. पहिला घास रोज दुपारी १ वाजता, शेवटचा रात्री ९ वाजता; वजन ९१ किलोंवरून ८३.५ वर. सहाव्या आठवड्यातल्या एका तारखेपुढे शेऱ्यात लिहिले होते : 'डॉक्टरांना दाखवले. ८६. खूश झाले. औषधे तीच.' ते वाचताना मला तो दिवस आठवला. बाहेर मोठी रांग होती. वजन उतरल्याचे पाहून मी त्यांची पाठ थोपटली, कसे उतरवले हेही विचारले, आणि 'उपवास करतो' हे उत्तर ऐकून पुढचा प्रश्न न विचारता जुनीच औषधे पुन्हा लिहून दिली.

त्या औषधांत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड होते. मेटफॉर्मिन एकटे असेल तर साखर धोकादायक पातळीला सहसा नेत नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. पोटात अन्न असो वा नसो, ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते आणि त्याचा अंमल जवळजवळ दिवसभर राहतो. गोळी कधी घेता, असे मी विचारले तेव्हा त्यांनी माझीच चिठ्ठी पुढे केली आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही लिहिलंय, नाश्त्याआधी. माझा नाश्ता आता एक वाजता असतो. गोळी सातला घेतो. आधीच झाली ना?"

उत्तरात शब्दाची चूक नव्हती. चूक माझ्या गृहीतकात होती. 'नाश्त्याआधी' लिहिताना माझ्या मनात अर्धा तास होता, त्यांच्या दिनक्रमात त्याचे सहा तास झाले होते. शिवाय गोळीची मात्रा ठरवली तेव्हा त्यांचे वजन ९१ किलो होते आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ८.४ होती. त्या दिवशीच्या तपासणीत ती ६.३ आली. वजन उतरले की शरीर इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागते. त्यामुळे वेळेवर खाल्ले असते तरी तीच मात्रा आता त्यांना जास्तच पडली असती. उपवास लागू पडला होता आणि लागू पडल्यामुळेच औषध जड झाले होते.

वहीत त्याची पूर्वसूचनाही होती. दहा दिवसांपूर्वीच्या शेऱ्यात लिहिले होते : 'सकाळी १० वा. घाम, हात थरथरले. शरीर नव्या पद्धतीला सरावत आहे.' सुरुवातीचा त्रास हा शरीर चरबी जाळू लागल्याचा पुरावा असतो, असे त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकले होते. पुढे आणखी तीनदा 'घाम' हा शब्द आला होता आणि प्रत्येक वेळी त्यापुढे त्यांनी समाधानाने बरोबरची खूण केली होती.

डेक्स्ट्रोजने साखर वर आली तरी गोळीचा अंमल ओसरलेला नसतो, म्हणून जेवू घालून आम्ही त्यांना रात्रभर ठेवून घेतले. ते योग्यच ठरले, कारण दुपारी ४ वाजता साखर पुन्हा ५८ वर घसरली आणि ग्लुकोजची बाटली सुरू करावी लागली. संध्याकाळच्या राउंडला ते उशीला टेकून बसले होते. माझी क्षमायाचना त्यांनी हाताने उडवून लावली आणि मुद्द्याचे विचारले : या उपवासाचा खरेच उपयोग होतो की नाही?

मी वहीच समोर धरली. पहिल्याच आठवड्यात अडीच किलो उतरले होते आणि त्यांचा सगळा विश्वास त्या आकड्यावर बसला होता. प्रत्यक्षात यकृत आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा वापरला जातो तेव्हा त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जाते. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात आणि तेवढी तूट काही दिवसांत पडत नाही. पुढच्या आठवड्यांतली संथ उतरण मात्र खरी होती. तिचे कारण त्यांच्याच वहीत होते : रात्री ९ नंतर टीव्हीसमोर बसून होणारे खाणे पूर्ण बंद झाले होते.

अभ्यासही साधारण तेच सांगतात. अमेरिकेत ११६ जणांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बारा आठवडे दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खाणाऱ्यांचे वजन सरासरी ०.९४ किलो उतरले, तर तीन वेळा जेवणाऱ्यांचे ०.६८ किलो. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. चीनमधील ग्वांगझू येथील २०२२ च्या अभ्यासात १३९ स्थूल व्यक्तींना वर्षभर सारख्याच कमी कॅलरी दिल्या. त्यांतल्या निम्म्यांनी त्या सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच घेतल्या. त्यांचे वजन ८ किलोंनी उतरले, उरलेल्यांचे ६.३ किलोंनी, आणि तो फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. दिवसाचे जेवण लवकर संपवल्यास वजन न उतरताही इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, असे २०१८ च्या एका काटेकोर प्रयोगात दिसले होते. पण त्यात पुरुष होते अवघे आठ. माझ्या रुग्णाने ऑटोफॅजीचाही, म्हणजे पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा वापरतात त्या प्रक्रियेचाही, विषय काढला. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल त्यासाठीच मिळाले हे खरे, परंतु त्यांचे पायाभूत काम यीस्टच्या पेशींवरचे आहे. त्यावरून माणसाने नेमके किती तास उपाशी राहावे हे ठरत नाही.

"म्हणजे घड्याळाचा काही उपयोग नाही?" असे त्यांनी विचारले. तसे मला वाटत नाही, असे मी म्हणालो. प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी मोजत बसण्यापेक्षा दोन वेळा पाळणे ज्यांना सोपे जाते, त्यांच्यासाठी हे कुंपण चांगले असते, आणि ते त्यांतले होते. ज्यांना दुपारपर्यंतच्या उपाशीपणानंतर जेवणावर तुटून पडावेसे वाटते, त्यांना मी हा मार्ग सुचवणार नाही.

दुसऱ्या दिवशी ग्लिमेपिराइड बंद करून त्यांना घरी सोडले. तीन महिन्यांनी ते आले तेव्हा वजन ८२ होते, एचबीएवनसी ६.५ होती, आणि खाण्याची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ७ अशी सैल केलेली होती. वहीत 'साखर' हा नवा रकाना आला होता. मी मेटफॉर्मिनची चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, 'पहिल्या जेवणासोबत' या शब्दांवर बोट ठेवले आणि म्हणाले, "सोबत म्हणजे किती मिनिटं, तेही लिहा."

मी चिठ्ठी परत घेतली आणि लिहिले : 'जेवता जेवता. त्या दिवशी जेवण नसेल तर गोळीही नाही.'