‘मालक कोण?’ : दूध कंपनीचं खातं उघडताना

दूध उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून नोंदवलेली कंपनी, कशी काढली, हे विचारायला आता आजूबाजूच्या गावांतून फोन येतात. सगळ्यांना धास्ती नोंदणीची. नोंदणीत काही नाही हो. किमान दहा उत्पादक, त्यातले पाच संचालक, आधार-पॅनवरची नावं जुळलेली आणि एक धड सीएस (कंपनी सेक्रेटरी) गाठला की दाखला मोबाईलवर येतो, कंपनीच्या पॅनसकट. खरी गोम बँकेत आहे. ते आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

कंपनीची वेळ आली ती दरामुळं. 2023च्या जुलैत सरकारनं गाईच्या दुधाला 3.5 फॅट, 8.5 एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लिटरमागं 34 रुपये ठरवून दिले. दिवाळी येईस्तोवर भाव 27च्या आसपास आला, पेंडेचं पोतं मात्र खाली यायला तयार नाही. आमच्या पारनेरकडं बहुतेकांनी दूध संकलन केंद्रवाल्याकडून उचल घेतलेली. त्यामुळं तो सांगेल ती फॅट आणि तो देईल तो दर. आपलं दूध आपल्या मशीनवर मोजायचं आणि एकत्र करून थेट प्लँटला घालायचं, एवढंच आम्हाला हवं होतं. सहकारी संस्थेचं नाव काढलं की बैठकीत जुन्या निवडणुकांची भांडणं निघायची, म्हणून कंपनी.

शेअरची रक्कम घेऊन आम्ही एका बँकेत गेलो. साहेबांनी दाखला उलटापालटा केला. “दूध संस्था ना? मग सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांचं नोंदणीपत्र आणा.” म्हटलं, साहेब, ही कंपनी कायद्याखाली आहे, निबंधकांचा संबंध नाही. “मग संबंध नाही असं त्यांच्याकडून लिहून आणा.” गेलो निबंधकांच्या कार्यालयात. तिथला कारकून म्हणाला, जी संस्था आमच्या दप्तरातच नाही, तिच्याबद्दल पत्र कुठल्या नियमानं देऊ? त्याचं काय चुकलं?

परत बँकेत. आता दाखल्यावरच्या नंबरातली ‘पीटीसी’ ही अक्षरं बघून साहेबांनी आम्हाला प्रायव्हेट कंपनीत टाकलं आणि फॉर्म पुढं सरकवला. त्यात रकाना : दहा टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेल्या मालकाचं नाव.

“मालक कोण?”

“दहा जण आहेत, सारखे शेअर.”

“सारखे म्हणजे किती?”

“दहा-दहा टक्के.”

“मग दहाच्या वर कोण?”

“कोणीच नाही.”

“असं कसं? कंपनीला मालक नको?”

अण्णा, आमचे सगळ्यात ज्येष्ठ संचालक, इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “साहेब, गाईला मालक आहे, दुधाला आहे. कंपनीला आम्ही सगळे.” साहेबांनी संगणकाचा पडदाच आमच्याकडं वळवला. यादीत सहकारी संस्था, ट्रस्ट, भागीदारी, प्रायव्हेट लिमिटेड असं सगळं होतं. आम्हीच नव्हतो. आणि उत्पादक कंपनीची कायद्यातली तरतूद 2002 सालची!

इकडं घड्याळ चालू. शेअरचे पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र भरता येत नाही आणि त्याला नोंदणीपासून 180 दिवसांची मुदत. पैसे अण्णांच्या कपाटात, आणि लोक पारावर विचारतात, कंपनीचं काय झालं?

शेवटी सीएसनं एक पानाची टीप लिहून दिली. उत्पादक कंपनी कंपनी कायद्याच्या 378च्या कलमांखाली येते. एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही असोत. आणि दहा टक्क्यांवर कोणीच नसेल तर त्या रकान्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं नाव लिहायचं. ही टीप शाखेत न देता थेट विभागीय कार्यालयाला मेल केली, साहेबांना फक्त प्रत. मग शाखेतूनच फोन आला, “या, सह्या करायच्यात.” चहासुद्धा मिळाला. मी मुद्दाम दोन घेतले.

हे आधीच सांगायला हवं होतं : शाखेत शेतीकर्ज बघणारा अधिकारी असेल तर पहिल्यांदा त्याला भेटा, काउंटरवर जाऊ नका. त्याला एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) म्हटलं की पुढचं कळतं. आणि खातं उघडायच्या ठरावात खात्यावर सह्या कोणाच्या, हे नावानिशी लिहा. ‘अध्यक्ष व सचिव’ लिहिलं की पुन्हा सहकार खातं आठवतं त्यांना.

पुढं संकलन वाढलं, बल्क कूलर (दूध थंड ठेवायची टाकी) आला, उचल फेडून लोक आमच्याकडं यायला लागले. सभासद दोनशेच्या वर गेले तसा बँकेचा पुन्हा फोन : प्रायव्हेट कंपनीला दोनशेचीच मर्यादा आहे! उत्पादक कंपनीला ती लागू नाही. तीच टीप पुन्हा पाठवली, म्हणून ती जपून ठेवा.

सध्या कॅश क्रेडिटचं, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं, चाललंय. प्लँटचे पैसे उशिरा येतात, शेतकऱ्याला दुधाचा पगार दर दहाव्या दिवशी हवा. बँक म्हणते, संचालकांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवा. आमचा नकार आहे. शेतकरी कंपन्यांच्या कर्जाला नॅबसंरक्षणची (नाबार्डची उपकंपनी) पत हमी योजना आहे, तिच्यातून प्रस्ताव करा म्हणून लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतलीय. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, शिक्का नीट उमटलाय का तेही तिथंच बघा.