बायोचं भरतकाम

आईला गावाचं नाव सांगितलं तेव्हा ती हसायलाच लागली. "बायो? असं कुठे गावाचं नाव असतं?" तिच्या रत्नागिरीकडच्या माहेरी लाडक्या पोरीला बायो म्हणतात, शेजारणीला म्हणतात, वेळप्रसंगी म्हशीलाही म्हणतात. फ्रेंच उच्चार नेमका तसा नाही. शेवटचा स्वर ओठांचा चंबू करून काढावा लागतो. पण तो मला चार वर्षांत जमलेला नाही, म्हणून मीही बायोच म्हणतो.

पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनवरून साधारण सव्वादोन तासांत गाडी तिथे पोचते. नॉर्मंडीतलं हे छोटं गाव. मधून ओर नावाची नदी जाते, पण तिला नदी म्हणणं म्हणजे तिचा मान राखणं. आमच्याकडे तिला पऱ्ह्या म्हटलं असतं. काठावर एक पाणचक्की, जुनी दगडी घरं, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून बघणारे कॅथीड्रलचे मनोरे.

लोक इथे येतात ते एका कापडासाठी. जवळजवळ ७० मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, वय साडेनऊशेच्या आसपास. फ्रेंचमध्ये त्याला तापिस्री म्हणतात, म्हणजे मागावर विणलेलं चित्र. मी आईला तसंच सांगून आत नेलं. अंधाऱ्या दालनात काचेमागे ते कापड लांबच लांब पसरलेलं. आईने चष्मा सारखा केला, काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि म्हणाली, "हे विणलेलं नाही रे. भरलेलं आहे."

बरोबर होतं. लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्याने केलेलं भरतकाम आहे ते. तज्ज्ञही हेच सांगतात, नाव मात्र तापिस्रीच चिकटलंय. ऑडिओगाइड माझ्या कानात राजकारण सांगत होता. इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक वारला, त्याचा मेहुणा हॅरॉल्ड गादीवर बसला, नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम म्हणाला की गादी मला कबूल केली होती, आणि १०६६मध्ये जहाजं भरून चाल करून गेला. आईला मी हे थोडक्यात सांगितलं. "मृत्युपत्र केलं नसणार," एवढंच बोलून ती पुन्हा टाक्यांकडे वळली.

कडा सगळ्या दांडी टाक्याने काढलेल्या. आपण फुलाचा देठ भरतो, तोच. आतला भाग भरायची रीत मात्र निराळी. आधी लोकर शेजारी शेजारी पसरायची, तिच्यावर अंतराअंतराने आडवे दोरे टाकायचे आणि ते बारीक टाक्यांनी टाचायचे. सगळा रंग वरच्या बाजूला राहतो, मागे लोकर फुकट जात नाही. "काटकसरीच्या बायका होत्या," आई म्हणाली. बायकांनीच भरलं याचा कागद कुठे नाही, पण समजूत तशीच आहे. तेव्हा इंग्लंडच्या बायकांचं भरतकाम नावाजलेलं होतं. बहुतेक अभ्यासकांच्या मते कापड तिथेच तयार झालं, आणि ते करवून घेतलं विल्यमच्या सावत्र भावाने, बायोचा बिशप ओदोने. म्हणजे हरलेल्यांच्या सुईने जिंकलेल्यांची गोष्ट. सहाशेच्या वर माणसं काढलीत, पण मुख्य पट्ट्यात बायका तीनच. त्यातली एक जळत्या घरातून लेकराचा हात धरून बाहेर पडते आहे. तिच्यापाशी आई बराच वेळ थांबली. ऑडिओगाइड तोवर पार लढाईत पोचला होता.

कापड नऊ तुकडे जोडून केलेलं आहे. पहिल्या जोडावर वरच्या काठाची रेघ नीट जुळलेली नाही, जरा खाली-वर झाली आहे. पुढचे जोड शोधूनही सापडत नाहीत. आईला त्या पहिल्या चुकीचा इतका आनंद झाला की तिने मला मागे ओढत नेऊन ती दाखवली. "पहिल्यांदा चुकल्या, मग शहाण्या झाल्या."

धूमकेतूही आहे त्यात. १०६६च्या वसंतात दिसलेला हॅलेचा धूमकेतू. खाली पाचसहा माणसं माना वर करून बोटं दाखवताहेत आणि वर लॅटिनमध्ये लिहिलंय की हे लोक ताऱ्याकडे अचंब्याने बघताहेत. आई म्हणाली, "शेंडेनक्षत्र. राजाचं काही खरं नाही." खरंच नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात हेस्टिंग्जला हॅरॉल्ड पडला.

बाहेर आल्यावर तिचा एकच प्रश्न होता. मागची बाजू का नाही दाखवत? भरतकाम बघायचं तर उलटं करून, हा तिचा नियम. कित्येक मुलींचे रुमाल तिने असेच नापास केलेत. १९८०च्या दशकात तज्ज्ञांनी अस्तर काढून मागची बाजू तपासली होती, आणि तिथले रंग जास्त ताजे निघाले. हे मला रात्री वाचून कळलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग!"

कॅथीड्रलमध्ये आणखी एक उलगडा झाला. त्याच्या १४७६च्या यादीत या कापडाची नोंद आहे. वर्षातून एकदा, उत्सवाच्या दिवसांत, ते आत सगळीकडून टांगायचे. आई म्हणाली, "ठेवणीतलं होतं, म्हणून टिकलं." फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत ते सैन्याच्या गाडीवर ताडपत्रीसारखं टाकायला निघाले होते. गावच्या एका वकिलाने वाचवलं.

जेवणात कुट्टूच्या पिठाचं गॅलेट मिळालं. आईने त्याला घावन ठरवलं आणि मीठ कमी असल्याचं जाहीर केलं.

दुपारी बसने आरोमाँशला गेलो, दहाएक किलोमीटरवर. दुसऱ्या महायुद्धात, १९४४च्या जूनमध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सवर चढाई करताना दोस्त राष्ट्रांनी इथे अख्खं बंदर इंग्लंडहून तुकड्यातुकड्यांनी ओढत आणून समुद्रात जोडलं. त्यातले काँक्रीटचे प्रचंड ठोकळे अजून पाण्यात बसलेत. ओहोटी होती, आम्ही वाळूवरून एका ठोकळ्यापर्यंत चालत गेलो. शेवाळ, शिंपले, कालवं. आईने सवयीने कालवं न्याहाळली. शेजारच्या ओमाहा किनाऱ्यावरही असंच बंदर उभारत होते, ते १९ जूनला सुरू झालेल्या वादळात मोडलं. "जूनमध्ये कोण दर्यात घालतं काही?" नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात न घालणाऱ्या गावची लेक याखेरीज काय बोलणार!

बायो मात्र त्या धुमश्चक्रीतून जवळजवळ शाबूत सुटलं. ७ जूनलाच, चढाईच्या दुसऱ्या दिवशी, ते मुक्त झालं. गावाच्या कडेला ब्रिटिश युद्ध-दफनभूमी आहे, चार हजारांहून जास्त थडग्यांची. प्रत्येक थडग्याशी फुलझाडं. त्यात काही शेकडा जर्मनही आहेत. रस्त्यापलीकडच्या स्मारकावर लॅटिन ओळ कोरलेली आहे : विल्यमने जिंकलेल्या आम्ही त्या विजेत्याची मायभूमी मुक्त केली. मी अर्थ सांगितला. आईने मनात हिशेब केला. "पावणेनऊशे वर्षं लक्षात ठेवलं? आपली भावकी बरी मग." आणि मग थडग्यांवरची वयं वाचता वाचता ती गप्प झाली. एकोणीस. बावीस. वीस.

संग्रहालयाच्या दुकानातून तिने धूमकेतूचा नमुना घेतला होता, कापड, लोकर, सुईसकट. परतीच्या गाडीत तिने तो उघडला. डब्यातल्या हलत्या उजेडात सुईचं भोक काही केल्या सापडेना. "ओवून दे रे," म्हणाली.

२०२५च्या सप्टेंबरपासून ते संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद आहे, आणि कापड काही महिन्यांसाठी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला द्यायचं ठरलंय. ही बातमी मी तिला फोनवर सांगितली.

"म्हणजे माहेरी चाललं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, काळजीने : "घडी घालू नका म्हणावं. गुंडाळून न्या."